अर्धा तुकडा तुझा, अर्धा माझा: प्राचीन ग्रीकांचे ‘टोकन’ आणि प्रवासाचे परवाने

एखाद्या अ‍ॅपमध्ये तुम्ही एकदा लॉगिन केलंत की ते रोज पासवर्ड विचारत नाही. कारण पहिल्याच वेळी सर्व्हरने तुमच्या फोनला एक टोकन दिलेलं असतं. पुढच्या वेळी फोन ते टोकन दाखवतो, सर्व्हर आपल्याकडची नोंद किंवा सही ताडून बघतो आणि दार उघडतं. यात तुमचा चेहरा कोणी बघत नाही, नावही विचारत नाही. टोकन जुळलं का, एवढाच प्रश्न असतो.

ही कल्पना साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोक रोजच्या व्यवहारात वापरत होते. त्यांचा शब्द होता ‘सिम्बोलॉन’. ‘सिन’ म्हणजे एकत्र आणि ‘बालेइन’ म्हणजे टाकणे किंवा ठेवणे. म्हणजे जे दोन भाग शेजारी ठेवून जुळवायचे ते. आपण आज चिन्ह या अर्थाने ‘सिम्बॉल’ म्हणतो तो शब्द इथूनच आला. मूळ सिम्बोलॉन मात्र नुसतं चिन्ह नव्हतं, तो पुरावा होता. तो चालायचा कसा आणि कुठे फसायचा, ते बघितलं की आपल्या फोनमधल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

परक्या गावात तुम्ही कोणीच नसता

आधी परिस्थिती समजून घेऊ. त्या काळी ‘ग्रीस’ नावाचा एक देश नव्हता. अथेन्स, स्पार्टा, कॉरिंथ, मिलेटस अशी शेकडो छोटी नगरराज्यं होती. प्रत्येकाचे कायदे वेगळे, कॅलेंडर वेगळं, अनेकांची नाणीही वेगळी. आपल्या शहराची हद्द ओलांडली की माणसाचे हक्क संपले. तुमच्या गावच्या कोणी आमच्या माणसाचे पैसे बुडवले असतील, तर त्या बदल्यात तुमचाच माल जप्त करायचा, ही पद्धत चालत असे. अशा जप्तीपासून मिळणाऱ्या संरक्षणाला ‘असिलिया’ म्हणत. आजचा ‘असायलम’ हा शब्द त्याच कुळातला. समुद्रात चाचे होते, आणि पकडलेला माणूस गुलाम म्हणून विकला जायचा.

अशा जगात प्रवास करायचा तर समोरच्या गावात आपल्याला ओळखणारा कोणीतरी हवा. या नात्याला ग्रीकमध्ये ‘झेनिया’ म्हणत, म्हणजे पाहुणा आणि यजमान यांचं नातं. हे नातं वारशाने पुढे जाई: वडिलांचा पाहुणा तो मुलाचाही पाहुणा. अडचण अशी की वीस वर्षांनी दारात आलेला तरुण खरंच त्या जुन्या मित्राचा मुलगा आहे, हे ओळखायचं कसं? फोटो नाही, सरकारी ओळखपत्र नाही.

त्यावर उपाय म्हणजे एखादी वस्तू दोघांत वाटून घ्यायची. मेंढीच्या घोट्याचं हाड ग्रीक लोक फाशासारखं खेळायला वापरत. ते मधोमध कापून अर्धं यजमानाकडे आणि अर्धं पाहुण्याकडे ठेवायचं. हाड कुठे वाकडं तुटलंय, त्याचे कंगोरे कसे आहेत, हे फक्त त्या दोन तुकड्यांनाच माहीत! युरिपिडीसच्या ‘मिडिया’ नाटकात (इ.स.पू. ४३१) जेसन आपल्या टाकलेल्या बायकोला सांगतो की परगावच्या मित्रांकडे मी सिम्बोला पाठवतो, ते तुझी सोय करतील. आजच्या भाषेत, रेफरल कोड पाठवतो. मिडिया तो धुडकावून लावते, हा भाग वेगळा.

ही गोष्ट इतकी ओळखीची होती की प्लेटोने ती प्रेमाच्या व्याख्येत वापरली. त्याच्या ‘सिम्पोझिअम’मध्ये नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीस म्हणतो की माणसं मुळात दुहेरी होती, देवांनी त्यांचे दोन तुकडे केले, आणि म्हणून प्रत्येक जण दुसऱ्या कोणाचा तरी सिम्बोलॉन आहे, आपला अर्धा भाग शोधत फिरणारा. ‘बेटर हाफ’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

अशी एक खरी वस्तू सिसिलीतल्या लिलिबेअम इथे, म्हणजे आजच्या मार्सालामध्ये सापडली आहे. हस्तिदंतात कोरलेले, एकमेकांत गुंफलेले दोन उजवे हात, आणि मागे ग्रीक लिपीत मजकूर: अमुक कार्थेजी नावाच्या माणसाने लायसॉन या ग्रीक माणसाशी आणि त्याच्या वंशजांशी झेनिया केली आहे. दोघांची भाषा वेगळी, देव वेगळे, आणि त्यांच्या लोकांमध्ये सिसिलीसाठी पिढ्यान्‌पिढ्या लढाया झालेल्या. ‘वंशजांशी’ हा शब्द महत्त्वाचा, कारण या टोकनला एक्स्पायरी डेट नव्हती.

दुसऱ्या अर्ध्याने हात वर केले तर?

टोकन जुळवायला समोरचा तयारच नसेल तर काय होतं, याची एक गोष्ट हिरोडोटसने लिहून ठेवली आहे.

स्पार्टात ग्लॉकस नावाचा माणूस प्रामाणिकपणाबद्दल प्रसिद्ध होता. मिलेटसहून एक जण त्याच्याकडे आला. आमचा प्रदेश कायम धोक्यात असतो म्हणून मी अर्धी मालमत्ता विकून चांदी केली आहे, ती तुझ्याकडे ठेवतो, असं तो म्हणाला. सोबत त्याने सिम्बोला दिले: हे घेऊन जो येईल त्याला पैसे परत कर.

बऱ्याच वर्षांनी त्या माणसाचे मुलगे जुळणारे सिम्बोला घेऊन स्पार्टाला आले. ग्लॉकस म्हणाला, “मला काही आठवत नाही. तीन-चार महिन्यांनी या, तोवर मी आठवून बघतो.” मुलं हताश होऊन परतली, आणि ग्लॉकस थेट डेल्फीला गेला. खोटी शपथ घेऊन ते पैसे लाटता येतील का, असं त्याने देववाणीला विचारलं. पुजारिणीचं उत्तर ऐकून तो इतका घाबरला की माफी मागू लागला. त्यावर ती म्हणाली की देवाला असं विचारणं आणि ते करणं यात फरक नाही. ग्लॉकसने पैसे परत केले, तरी स्पार्टात त्याचा वंश उरला नाही, असं हिरोडोटसच्या गोष्टीतलं पात्र सांगतं.

गोष्ट खरी की रचलेली ते सोडा, त्यातली अडचण शंभर टक्के खरी आहे. मुलांकडचं टोकन अस्सल होतं, जुळतही होतं, पण ते तपासणारा फक्त ग्लॉकस होता. त्याने ‘सर्व्हर डाऊन’ म्हटलं की पोरांच्या हातात उरला हाडाचा तुकडा. त्याच्यावर दबाव आणणारं कोर्ट परक्या मुलांसाठी स्पार्टात नव्हतं, म्हणून गोष्टीत देव आणावा लागला.

पुढे शहरांनी यावर माणसांच्या पातळीवर उपाय काढला. दोन शहरं आपसात करार करत आणि त्यानुसार एका शहराच्या माणसाला दुसऱ्या शहराच्या कोर्टात दाद मागता येई. त्या करारांचं नाव होतं ‘सिम्बोलाय’. शब्द तोच, फक्त हाडाच्या जागी कायदा आला.

१,६४० ड्राख्मांचं केवायसी

आता माझ्या मते या विषयातलं सगळ्यात भारी प्रकरण. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सच्या पिराउस बंदरात पॅसिऑन नावाच्या माणसाची पेढी होती. हा पॅसिऑन आधी स्वतः पेढीवरचा गुलाम होता; नंतर मुक्त झाला, पेढीचा मालक झाला आणि शेवटी अथेन्सचा नागरिक. त्याच्या पेढीवरच्या एका ठेवीवरून खटला झाला आणि त्यातलं भाषण डेमोस्थेनीसच्या भाषणांच्या संग्रहात टिकून आहे.

हेराक्लिआ शहरचा लायकॉन नावाचा व्यापारी लिबियाला निघाला होता. निघण्याआधी त्याने पेढीत १,६४० ड्राख्मा ठेवले आणि सांगितलं की हे माझा भागीदार केफिसिआडीस याला द्या. तो सध्या बाहेरगावी आहे, आला की घेईल. रक्कम किती मोठी? त्याआधीच्या शतकाच्या शेवटी अथेन्समध्ये कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक ड्राख्मा होती. त्या हिशेबाने एकही सुट्टी न घेता साडेचार वर्षांची कमाई.

वहीत काय लिहायचं, याची पेढीवाल्यांची ठरलेली पद्धत भाषणात सांगितली आहे. ठेवणाऱ्याचं नाव आणि रक्कम लिहायची. समासात ‘अमक्याला द्यावे’ असं लिहायचं. तो अमका पेढीवाल्यांच्या तोंडओळखीचा असेल तर एवढं पुरे. नसेल तर आणखी एक नाव लिहायचं: त्याला घेऊन येऊन ‘हाच तो’ असं सांगणारा माणूस कोण. केफिसिआडीस पेढीत कोणाच्या ओळखीचा नव्हता. म्हणून नोंद झाली की लॅम्प्ट्राय गावचा आर्केबिआडीस त्याची ओळख पटवेल.

ही खरी दोन टप्प्यांची पडताळणी. नुसतं नाव सांगून पैसे मिळणार नाहीत, आधीच नोंदवलेला दुसरा माणूस बरोबर हवा. तुम्ही बँकेचं पहिलं खातं उघडताना जुन्या खातेदाराची सही लागायची, हे घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. तेही हेच होतं.

मग नको ते झालं. लायकॉनच्या जहाजावर आर्गोसच्या आखातात चाच्यांनी हल्ला केला. त्याला बाण लागला, आर्गोसला आणलं, तिथे तो मेला. बातमी अथेन्सला पोचली तसा कॅलिपस नावाचा माणूस पेढीत हजर झाला. हा अथेन्सचा वजनदार नागरिक आणि हेराक्लिआच्या लोकांचा ‘प्रॉक्सेनॉस’, म्हणजे अथेन्समध्ये राहून त्या शहराच्या लोकांचं काम बघणारा, आपल्याकडच्या मानद वाणिज्य दूतासारखा. लायकॉनने पेढीत काही ठेवलंय का, अशी त्याने चौकशी केली. पेढीवरच्या फॉर्मिऑनने वही काढून नोंद वाचून दाखवली. कॅलिपस काही न बोलता निघून गेला.

नंतर केफिसिआडीस गावात आला, आर्केबिआडीसला घेऊन पेढीत गेला आणि पैसे घेऊन बाहेर पडला. व्यवहार नियमानुसार पूर्ण झाला. पण कॅलिपस पुन्हा उगवला, आणि त्याने पॅसिऑनला जे सुचवलं ते ऐका. केफिसिआडीस परका, बेटावर राहणारा किरकोळ माणूस. लायकॉनला वारस नाही. मग पैसे माझ्याकडे आले तर तुझं काय जातं? पॅसिऑन बधला नाही. कॅलिपसने त्याच्यावर दावा लावला, आणि तो मेल्यावर त्याचा मुलगा अपोलोडोरस याच्यावर. आपल्याकडे टिकलंय ते अपोलोडोरसच्या बाजूचं भाषण.

या सगळ्यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कॅलिपसकडे प्रतिष्ठा होती, पद होतं, मयताच्या शहराशी अधिकृत नातं होतं. केफिसिआडीसकडे फक्त वहीच्या समासातली एक ओळ होती आणि ओळख द्यायला एक माणूस होता. पेढीने त्या ओळीचं ऐकलं.

राजाचे टोकन

राजे आणि शहरंही हेच करत. इ.स.पू. चौथ्या शतकात सिडॉनचा (आजच्या लेबनॉनमधलं सैदा) राजा स्ट्रॅटॉन याने इराणच्या सम्राटाकडे निघालेल्या अथेन्सच्या वकिलांना वाटेत मदत केली. अथेन्सने त्याच्या सन्मानाचा ठराव दगडावर कोरून ठेवला, आणि त्यात एक कामाचं कलम आहे: नगरसभेने सिडॉनच्या राजासोबत सिम्बोला तयार करावेत. राजाने काही मागण्यासाठी माणूस पाठवला तर तो खरंच राजाकडून आलाय हे अथेन्सला कळावं, आणि अथेन्सने पाठवला तर राजाला. दोन्ही बाजूंनी पडताळणी! आपण बँकेला ओटीपी देतो, पण ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याकडून उलटा पुरावा मागत नाही. फोनवरच्या बहुतेक फसवणुकी याच फटीतून होतात.

याच काळाच्या आसपास अथेन्सच्या डेमॉस नावाच्या गृहस्थाकडे इराणच्या सम्राटाने दिलेला सोन्याचा प्याला होता, सिम्बोलॉन म्हणून. डेमॉसला सायप्रसच्या मोहिमेसाठी रोख रक्कम हवी होती. त्याने तो गहाण ठेवून १६ मिना मागितल्या आणि नंतर २० मिना देऊन सोडवीन म्हणाला. त्याच्या मते हा प्याला दाखवला की आशियाच्या किनाऱ्यावर माल आणि पैसा सहज मिळेल. ज्याच्याकडे मागणी केली होती त्याने पैसे दिले नाहीत. पण प्याल्याचं वजन एक आणि त्याने उघडणारी दारं दुसरी, हे दोघांनाही कळत होतं. आजच्या सुरक्षा क्षेत्रात याला ‘बेअरर टोकन’ म्हणतात: ज्याच्या हातात, त्याचा अधिकार. म्हणूनच तुमच्या ब्राउझरमधलं लॉगिन टोकन चोरीला गेलं तर चोराला पासवर्डची गरज पडत नाही.

नागरिक असल्याचा पुरावा काय?

अथेन्सच्या नागरिकाकडे आपल्यासारखं कार्ड नव्हतं. त्याची ओळख तीन शब्दांची: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आणि ‘डीम’, म्हणजे गाव किंवा वॉर्ड. अठराव्या वर्षी डीमचे लोक मतदान करून त्याला यादीत घेत.

कार्डाच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू म्हणजे कोर्टात पंच म्हणून बसायला लागणारी ‘पिनाकिऑन’ पट्टी. चौथ्या शतकातल्या अशा काशाच्या पट्ट्या बऱ्याच सापडल्यात: बोटाएवढ्या लांब, त्यावर नाव, डीम, गटाचं अक्षर आणि घुबडासारखे सरकारी छाप. सकाळी ही पट्टी ‘क्लेरोटेरिऑन’ नावाच्या खाचांच्या दगडी यंत्रात लावायची, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे, आणि नशिबात असेल त्याला काम मिळायचं. मग कोणत्या कोर्टात जायचं ते रंगीत काठीवर, दारात आत शिरताना एक टोकन, मत दिल्यावर दुसरं टोकन, आणि ते परत केलं की तीन ओबोल भत्ता. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावाने असलेल्या ‘अथेन्सची राज्यघटना’ या पुस्तकात हे इतक्या बारकाईने दिलंय की वाचताना विमानतळाची आठवण येते. लाच द्यायची तर द्यायची कोणाला, हेच आधी कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

पट्ट्या पुन्हापुन्हा वापरल्या जात. जुनं नाव ठोकून सपाट करायचं आणि वर नवं कोरायचं. काही पट्ट्यांवर आधीच्या मालकांची नावं अजून पुसट दिसतात. काही पट्ट्या कबरीत, मालकाजवळ ठेवलेल्या मिळाल्या आहेत.

पण पट्टी म्हणजे नागरिकत्व नव्हे. इ.स.पू. ३४६च्या सुमारास अथेन्सने सगळ्या डीमच्या याद्या नव्याने तपासायला घेतल्या. हॅलिमस डीमच्या युक्सिथिऑसचं नाव उडालं. त्याचं म्हणणं भाषणरूपात टिकलंय आणि ते वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. त्या दिवशी ७३ जणांनी शपथ घेतली होती. त्याचं नाव मुद्दाम उशिरा, अंधार पडल्यावर घेतलं. तेव्हा जेमतेम तीस लोक उरले होते आणि मतपेटीतून साठावर मतं निघाली. त्याच्याविरुद्धचे आक्षेप काय, तर वडिलांचे उच्चार परदेशी वाटायचे आणि आई बाजारात फिती विकायची. तो सांगतो: वडील युद्धात पकडले गेले, गुलाम म्हणून विकले गेले, बऱ्याच वर्षांनी सुटून आले, म्हणून बोली बदलली. आई गरीब होती म्हणून फिती विकते, दुसऱ्यांची मुलंही तिने सांभाळली. गरिबी म्हणजे परकेपणा नव्हे.

पुरावा म्हणून त्याने कागद दाखवला नाही, नातेवाईक उभे केले: चुलते, मामेभाऊ, पूजेतले सोबती. डीमची जुनी यादी मधल्या काळात एकदा हरवली होती, आणि ती हरवली तेव्हा डीमप्रमुख होता आरोप करणाऱ्याचाच बाप. अपील हरलं तर शिक्षा? गुलाम म्हणून विक्री.

शरीरावरची खूणही होती, पण ती ज्याला नको होती त्याच्यावर. इ.स.पू. ४१३मध्ये सिराक्यूजच्या लोकांनी पकडलेल्या अथेनियनांच्या कपाळावर घोड्याची खूण उमटवून त्यांना विकल्याचं प्लुटार्क सांगतो. झेनोफोन सुचवतो की सरकारी गुलामांवर सरकारी खूण करावी, म्हणजे कोणी पळवून विकू शकणार नाही. नागरिकाने आपली ओळख साक्षीदारांच्या तोंडून सांगायची, गुलामाने कातडीवर वागवायची.

नक्कल, आणि किडक्या लाकडाची युक्ती

जे टोकन आहे त्याची कॉपी होणारच. अंगठीवरचा शिक्का हा ग्रीकांचा सह्या-कुलूप-पासवर्ड, सगळं एकात. सोलॉनच्या कायद्यांत असं एक कलम असल्याचं डायोजिनीस लेअर्टिअस सांगतो: अंगठी कोरणाऱ्या कारागिराने विकलेल्या अंगठीचा ठसा स्वतःकडे ठेवायचा नाही. म्हणजे चावी बनवणाऱ्याने तुमच्या चावीची प्रत ठेवायची नाही. आज सुरक्षा तज्ज्ञ हेच सांगतात: गुप्त चावी बनवणाऱ्या कंपनीकडेही ती राहता कामा नये.

तरी नकला होतच. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४११च्या एका नाटकात बायका तक्रार करतात की पूर्वी कोठीघराचं सील उघडायला तीन ओबोलची नकली अंगठी पुरायची. आता नवऱ्यांना नवी अक्कल आली आहे आणि ते किड्यांनी पोखरलेल्या लाकडाचा तुकडा शिक्का म्हणून वापरतात. हसण्याचा भाग सोडला तर ही युक्ती फार हुशारीची आहे. किड्याने पोखरलेली नक्षी कोणी ठरवून काढलेली नसते, त्यामुळे कोणाला हुबेहूब काढताही येत नाही. आजच्या काही चिपमध्ये सिलिकॉनमधल्या नैसर्गिक, बारीक फरकांचाच ओळखीसाठी उपयोग करतात. तत्त्व तेच, किडा तेवढा नाही.

पासकी याच्या एक पाऊल पुढे जाते. तुमचा फोन दोन चाव्यांची जोडी बनवतो. गुप्त चावी तुमच्याकडे राहते, दुसरी साइटला मिळते. साइट दर वेळी नवा आकडा पाठवते, फोन त्यावर गुप्त चावीने सही करून परत देतो. साइटकडचा तुकडा चोरला तरी त्यावरून तुमचा बनवता येत नाही. हाडाच्या बाबतीत एक अर्धा हातात आला की दुसरा कोरून काढायचा प्रयत्न तरी करता येत होता.

वेढा पडल्यावर

शांततेत सिम्बोलॉन म्हणजे सोय. युद्धात तोच अडसर. चौथ्या शतकातल्या एनिअस या लेखकाने वेढ्यात शहर कसं सांभाळावं यावर एक पुस्तक लिहिलंय. तो म्हणतो, नागरिक असो की शहरात राहणारा परका, सिम्बोलॉनशिवाय कोणाला जहाजाने जाऊ देऊ नका. खाणावळी-धर्मशाळांनी अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय अनोळखी माणूस ठेवू नये. हॉटेलात चेक-इन करताना आधार मागतात त्याचा हा पणजोबा.

परवलीच्या शब्दांवर त्याने वेगळं प्रकरण दिलंय. वेगवेगळ्या गावचं सैन्य एकत्र असेल तर एकाच गोष्टीला दोन नावं असलेला शब्द परवलीला ठेवू नका: अथेना म्हणजेच पॅलस, आरेस म्हणजेच एनिआलिऑस. अंधारात घाबरलेला माणूस दुसरंच नाव घेईल आणि आपल्याच माणसाचा भाला खाईल. पुढची सूचना अजून छान. शब्दासोबत एक हालचालही ठरवा: परवल विचारताना टोपी काढायची, किंवा भाला एका हातातून दुसऱ्यात घ्यायचा. शब्द कानावर पडून फुटू शकतो, हालचाल बघितल्याशिवाय कळत नाही. दोन वेगळ्या वाटांनी येणारे दोन पुरावे. एसएमएस आणि फिंगरप्रिंट, तसंच.

या सगळ्या तपासणीची टर उडवायलाही ग्रीक विसरले नाहीत. ‘पक्षी’ या नाटकात (इ.स.पू. ४१४) पक्षी आकाशात स्वतःचं शहर उभारतात. देवांची दूत आयरिस नेहमीसारखी उडत आत शिरते तर तिलाच अडवतात: शिक्का कुठाय? करकोच्यांनी पास दिला का? ती देवी आहे, ती आजवर कोणालाच विचारत नव्हती. तिला प्रश्नच कळत नाही.

कॉप्टॉस ते कल्याण

पुढे रोमन राज्य आलं, पण पूर्व भूमध्य भागात कारभाराची भाषा ग्रीकच राहिली. इजिप्तमध्ये नाईलकाठच्या कॉप्टॉसमधून वाळवंटातला रस्ता लाल समुद्राच्या बंदरांकडे जाई, आणि तिथून जहाजं भारताकडे निघत. इ.स. ९०मधला, ग्रीकमध्ये कोरलेला दरफलक तिथे सापडलाय: या रस्त्याने जायच्या परवान्याला कोणाकडून किती घ्यायचे. लाल समुद्रावरच्या सुकाणूवाल्याचाही दर ठरलेला. देहविक्रीसाठी नेल्या जाणाऱ्या स्त्रीमागे १०८. उंटाच्या चिठ्ठीला एक ओबोल, आणि त्या चिठ्ठीवर शिक्का मारायचे वेगळे दोन. (हा ड्राख्मा अथेन्सच्या जुन्या ड्राख्मापेक्षा बराच हलका.) बेरेनिके बंदरात उत्खननात खापरांवर शाईने लिहिलेले गेटपास निघाले आहेत: जकातनाक्यावरच्या लोकांनो, अमक्याचा एवढा वाइनचा माल जाऊ द्या.

म्हणजे खापर दाखवून माल जहाजावर चढला, जहाज पावसाळी वाऱ्यांवर अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागलं. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत सोपारा आणि चौल यांची नावं आहेत, आणि कल्याणबद्दल एक इशारा आहे. थोरल्या सारगनसच्या काळात हे अधिकृत व्यापारी बंदर होतं. पण सँडनीसच्या हाती आल्यापासून तिथला व्यापार अडवला गेलाय. आता एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे लागलंच, तर त्याला पहाऱ्याखाली बॅरिगाझाला, म्हणजे भरूचला नेलं जातं. कॉप्टॉसला पैसे भरून घेतलेला परवाना या किनाऱ्यावर ताडून बघायला कोणाकडे काहीच नव्हतं.